मदत हवी आहे : त्वचेच्या कर्करोगाची नियमित तपासणी विदर्भात कुठे करून मिळेल?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझा शेतकरी मित्र गेल्या वर्षी मेलानोमाने (त्वचेच्या एका घातक कर्करोगाने) गेला. त्याच्या टाचेजवळचा काळा डाग पऱ्हाटीचे धसकट रुतल्याची खूण समजून सर्वांनी मलमावरच दिवस काढले. त्यातून रक्त येऊ लागले तेव्हा कुठे तुकडा तपासायला गेला, आणि तोवर जांघेत गाठी आल्या होत्या. हा आजार गोऱ्या लोकांचा, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात सावळ्या त्वचेत तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली आढळतो, त्यामुळे उन्हात दुपट्टा बांधून भागत नाही.

माझ्या अंगठ्याच्या नखाखाली एक उभी काळपट रेघ आहे. ती तर दाखवायचीच आहे, पण पुढेही दरवर्षी सर्वांग तपासून घ्यावे असे वाटते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथील त्वचारोग विभागात विशेष तक्रार नसतानाही डर्मोस्कोपने (डाग मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाने) अशी तपासणी करतात का, आधीचे फोटो शेजारी ठेवून डाग वाढला का हे पाहतात का, आणि त्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे. कापूस वेचणीपर्यंत थांबण्याची माझी तयारी नाही.