इंदूर: दोन धर्मांचं लग्न आणि घरच्यांचा विरोध

राजवाडाकर: भाचीला मुस्लिम मुलाशी लग्न करायचंय. दोघं सज्ञान, धर्म कुणालाच बदलायचा नाही. दोन्हीकडे ‘समाजात तोंड कसं दाखवायचं’ सुरू आहे, धमक्याही येताहेत. कचेरीत नेमकं काय करावं लागतं?

छावणी_निवासी: विशेष विवाह कायदा, 1954. मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण. आधी कचेरीत लग्न करणार असल्याची नोटीस द्यायची. दोघांपैकी एक जण त्या नोटिशीआधी किमान 30 दिवस जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस कचेरीत 30 दिवस लावतात, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिने उलटले तर सगळं पहिल्यापासून. घोळ होतो तो कायमच्या पत्त्यामुळे: तो पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथेही जाते आणि गावभर बातमी होते. मुलांनी ह्याची तयारी आधीच ठेवावी.

वकील_ताई: हरकत फक्त वय, आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं किंवा मानसिक अक्षमता ह्यांवरच. ‘आमचा धर्म वेगळा’ ही हरकत नाहीच! विवाह अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. विरुद्ध गेला तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील.

छावणी_निवासी: धर्म बदलायचा नसल्याने मध्य प्रदेशच्या 2021च्या धर्मांतराबद्दलच्या कायद्यातली 60 दिवस आधीची घोषणा लागत नाही. लग्नासाठी कुणी धर्मांतर सुचवलं तर ऐकू नका.

वकील_ताई: आणि राजवाडाकर, नोटिशीआधीच पोलीस आयुक्तालयात संरक्षणासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, धमक्यांचे मेसेज जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या शक्ती वाहिनी निकालाचा उल्लेख करा. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असं त्यात म्हटलंय.