टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच पण कमी, इंजेक्शन घेऊ का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ३२, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, गेलं वर्षभर नाइट शिफ्ट. सहा-सात महिने झाले अंग जडच असतं, कशात मन लागत नाही, आणि बाळासाठी प्रयत्न चालू आहेत पण काही होत नाहीये म्हणून डॉक्टरांनी टेस्ट करायला सांगितल्या. टोटल टेस्टोस्टेरॉन २१० नॅनोग्रॅम आलं, साधारण ३०० च्या वर हवं म्हणतात. डॉक्टरांनी मात्र त्याच्या खालच्या ओळीतल्या एलएचला (वृषणाला कामाला लावणारं हार्मोन) पेनाने दोनदा गोल केलाय, तोही कमी आहे.

मला समजलं ते असं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच पाठवते, आणि एलएच पोचलं की वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तात पुरेसं झालं की वरून एलएच कमी होतं, आपल्या सोसायटीत टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते ना तसंच. मग माझ्याकडे टाकी रिकामी असून मोटर का लागत नाहीये? जिमचा ट्रेनर रोज मागे लागलाय, एक इंजेक्शन घे, महिन्यात फरक पडेल. बायको नको म्हणतेय. आणि अजून एक, सॅम्पल मी शिफ्ट संपवून सकाळी ८ ला न झोपताच दिलं होतं, ते चालतं का?

प्रतिसाद:
दादा, वहिनींचं ऐका, इंजेक्शन अजिबात नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला टाकी भरलेलीच दिसते, एलएच आणि एफएसएच (शुक्राणू बनायला लागणारं पिट्युटरीचं दुसरं हार्मोन) दोन्ही बसतात, शुक्राणू पार शून्यावर जाऊ शकतात आणि बंद केल्यावर परत यायला कित्येक महिने जातात, माझ्या भावाला पूर्ण वर्ष लागलं. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, त्यामुळे रात्रभर जागून दिलेल्या सॅम्पलवर जाऊ नका. चार-पाच दिवस सुट्टी काढून रात्री नीट झोपा, मग सकाळी १० च्या आत उपाशीपोटी परत द्या, सोबत प्रोलॅक्टिन या हार्मोनची टेस्ट पण करा कारण ते वाढलं तरी जीएनआरएच दबतं. रिपोर्ट घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडेच जा. डोकं दुखणं, बाजूचं नीट न दिसणं असं काही होतंय का? असेल तर थांबू नका.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. डोकं दुखतं अधूनमधून, पण जागरणामुळे असेल म्हणून मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्याच फोन करतो.