स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंकडून व्हिडिओ लावून व्यायाम कसा करून घ्यावा?

प्रश्न :
माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना अल्झायमर आहे. डॉक्टरांनी रोज थोडी हालचाल आणि हाताला काहीतरी काम सुरू ठेवायला सांगितले आहे, म्हणून मी टीव्हीवर खुर्चीत बसून करायच्या व्यायामांचे व्हिडिओ लावते. मात्र पडद्यावरच्या बाईंना पाहुणी समजून त्या ‘बसा, चहा ठेवते’ म्हणतात, नाहीतर एक-दोन हालचाली करून थांबतात आणि आग्रह केला की चिडतात. रंगवण्यासाठी आणलेली चित्रांची वहीही तशीच पडून आहे. हे सगळे थांबवावे का?

प्रतिसाद १ :
थांबवू नका, परंतु व्हिडिओ त्यांच्यासाठी नसून तुमच्यासाठी आहे असे धरून चाला. पडद्यावरचे पाहायचे, सूचना ऐकायची, डावे-उजवे ओळखायचे आणि तेवढ्यात पुढच्या हालचालीकडे वळायचे, हे सगळे एकाच वेळी करणे या आजारात फार जड जाते. तुम्ही व्यायाम आधी शिकून घ्या, टीव्ही बंद करा, त्यांच्यासमोर बसा आणि ‘हात वर घ्या’ एवढेच म्हणून स्वतः हात वर करा. मग त्यांचा हात उचलला जाईपर्यंत घाई न करता थांबा. सकाळची दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, कारण दिवस कलल्यावर अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. खुर्ची हातांची, बिनचाकांची आणि भिंतीला टेकलेली हवी. उभ्याने करायचे व्यायाम डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय मुळीच करून घेऊ नका.

प्रतिसाद २ :
रंगवायची वही त्यांनी आयुष्यात कधी हाती धरली होती का, हा माझा पहिला प्रश्न. हाताला वर्षानुवर्षे वळण पडलेली कामे या आजारात बरीच उशिरापर्यंत टिकतात. माझ्या आईला नातवाचे नाव आठवत नाही, पण कापूस पुढे ठेवला की ती तो बोटांनी पिंजते, सरकी लागली तर बाजूला काढते, चिमटीत थोडी राख घेते आणि वात वळते. वाती जाडबारीक होतात. मी त्या सारख्या करायला जात नाही आणि तिच्यादेखत पुन्हा वळत तर नाहीच नाही. मेथी निवडणे, टॉवेलच्या घड्या घालणे हेही करून पाहा. वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल, तर मणी आणि बटणे मात्र दूर ठेवा.

प्रतिसाद ३ :
पहिल्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही, कारण आमच्या बाबांना पडद्याचा उपयोग झाला. परदेशातल्या भावाने स्वतःचाच व्हिडिओ करून पाठवला. त्यात तो ‘बाबा, आता खांदे फिरवू या’ म्हणतो आणि बराच वेळ थांबतो. ओळखीचा आवाज आणि मराठी सूचना असल्यामुळे बाबा त्याला उत्तरही देतात. व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे मध्येच जाहिरात लागून त्यांचा गोंधळ होत नाही.
ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’त, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या विचारशक्तीला गप्पा-खेळांतून चालना देण्याच्या पद्धतीत, लहान गटाची १४ सत्रे आठवड्यातून दोनदा घेतात आणि तेथे स्मरणाची परीक्षा घेण्याऐवजी मत विचारण्यावर भर असतो. तेच आम्ही घरी पाळतो : जुना फोटो दाखवून ‘हे कोण?’ असे न विचारता ‘यातली कुठली साडी छान दिसते?’ असे विचारतो, आणि बाबा बोलू लागतात.