शार्कच्या पाण्यात कार्बनचं रडर?

वल्हेवाला_बडोदा
परवा इथे एकाने सल्ला दिला: "मुलाकडे पर्थला जातोय, कयाक चालवणार. शार्कला वीज जाणवते, म्हणून धातूचं रडर (मागचं सुकाणू) काढून कार्बन फायबरचं मागवलं. सगळ्यांनी हेच करावं." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही.

अहो, कार्बन वीज वाहून नेतो! खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू टेकले की करंट वाहतो. त्यांची जी गॅल्व्हानिक उतरंड असते, तिच्यात ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, एका टोकाला आणि अल्युमिनियम जवळपास दुसऱ्या. कार्बनचं पातं अल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर थेट बसवलंत, तर स्टीलपेक्षा जास्त व्होल्टेज. ज्या करंटला भ्यायलात तोच पैसे मोजून वाढवलात, वर ब्रॅकेट पोखरणार ते वेगळंच. पातं नायलॉनचं किंवा ग्लास-इपॉक्सीचं घ्या. नाहीतर रडर नकोच, कयाकच्या पोटातल्या खाचेतून खाली सोडायचं न वळणारं पातं, म्हणजे स्केग, बरं.

मांजलपूरकर
तो मीच. माझं ब्रॅकेट अल्युमिनियमचं आहे हे तुम्हाला स्वप्नात दिसलं का? काल्माइन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवलंय, वाळूत पुरलेला मासा शार्क नुसत्या विजेवर शोधतो. इलेक्ट्रोड पुरले तर तेही उकरायला जातो. सेंटिमीटरला ५ नॅनोव्होल्टपर्यंत कळतं त्याला. मग काळजी घेतली तर बिघडलं काय? आणि स्केगचं कौतुक नको. किनाऱ्यावरून ढकलताना खाचेत एक खडा अडकला की बसलं ते रुतून.

वल्हेवाला_बडोदा
५ नॅनोव्होल्ट खरं, पण किती अंतरावरून? हातभर, फार तर थोडं जास्त. तोवर शार्क वासावर आणि आवाजावर आलेला असतो. खर्जातले तुटक आवाज त्याला ओढतात. पिन सैल असलेलं रडर लाटेवर खडखडतं, त्याचा विचार आधी करा.

विश्वामित्रीकाठ
आमच्या मागे नदीत मगरी आहेत. पावसाळ्यात सोसायटीत येतात. एकीनेही अजून बोल्टचा ग्रेड विचारलेला नाही.

मकरपुरा_शॉपफ्लोअर
ग्रेडचं निघालंच आहे तर ऐका. शार्क राहू द्या बाजूला, तुम्हाला बुडवणार तो दुकानदार. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट ३०४ ग्रेडचा सांगतो, २०२ देतो. निकेल महाग, म्हणून त्यात मँगनीज. समुद्रावर एका पावसाळ्यात तांबडं. शिवराजपूरला माझ्या मेव्हण्याची पिन अशीच जाम झाली, रडर डावीकडे अडकलेलं, माणूस गोल गोल फिरतोय आणि बायको किनाऱ्यावरून व्हिडिओ काढतेय. समुद्रासाठी ३१६ च. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच वाचवतं.

मांजलपूरकर
मी चुंबक लावून घेतो. चिकटलं की परत. इतकं सोपं आहे.

मकरपुरा_शॉपफ्लोअर
झालं! अहो, २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. उलट चांगल्या ३०४ चा बोल्ट थंड ठोकून बनवला की थोडा चिकटतोच. म्हणजे तुम्ही खरा माल परत करून खोटा खिशात घालता, आणि वर दुकानदाराला दम देता. मॉलिब्डेनम आहे का ते थेंब टाकून दाखवणारं किट मिळतं, ३१६ घेताना ते वापरा. आम्ही भंगारवाल्याकडूनही त्याशिवाय घेत नाही.

वल्हेवाला_बडोदा
धागा रडरच्या पात्याबद्दल होता.

मकरपुरा_शॉपफ्लोअर
पातं हवेत तरंगतं का? बोल्टनेच बसतं ना?

अलकापुरी_ताई
मला एक सांगा. करंट वाढला तर शार्क पळेल ना? ती पायाला बांधायची विजेची यंत्रं मिळतात, तशी?

वल्हेवाला_बडोदा
नाही हो ताई. ती यंत्रं जोरदार ठोके सोडतात, जवळ आलेल्या शार्कला ते सहन होत नाहीत. गंजत्या बोल्टचं क्षेत्र अगदी दुबळं, जिवंत माशाच्या जवळपासचं. त्याने कुतूहलच वाढेल. त्या यंत्रांचीही हमी कोणी देत नाही.

मांजलपूरकर
म्हणजे क्षेत्र असतं, कुतूहलही वाढतं! हेच मी परवा लिहिलं होतं. पातं बदलतो, बास? नायलॉन लावतो. पर्थच्या वाऱ्यात केळीच्या पानासारखं वाकलं तर तुम्हाला फोन करीन.

वल्हेवाला_बडोदा
जाड घ्या, वाकणार नाही. कार्बनच ठेवायचं असेल तर मध्ये प्लास्टिकचं बुश आणि वॉशर घाला, धातूला टेकू देऊ नका. आणि ब्रॅकेट कशाचं आहे ते अजून सांगितलं नाहीत.

मांजलपूरकर
अल्युमिनियमचं. खूश? पण ॲनोडाइज केलेलं आहे, वर ऑक्साइडचा थर आहे.

वल्हेवाला_बडोदा
पहिला ओरखडा पडेपर्यंत.

मकरपुरा_शॉपफ्लोअर
मांजलपूरकर, शनिवारी चुंबक घेऊन या. तीन बोल्ट ठेवतो, कुठला २०२ ते ओळखा. ओळखलात तर सेव-उसळ माझ्याकडून.

मांजलपूरकर
बोल्ट तुमचे, किट तुमचं, निकालही तुमचाच. वा! मी माझे बोल्ट आणतो.