घाटवाटा, दोन सीटची गाडी आणि एकटीचा प्रवास: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची, सध्या स्टुटगार्टला असते. गेल्या वर्षी जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. २०१७ चं मॉडेल, लाल रंग, कापडी टप. येत्या सप्टेंबरच्या मध्यात पाच दिवस ती घेऊन एकटीनेच आल्प्समध्ये जायचं ठरवलंय. डोक्यात रस्ता असा आहे: स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाटला मुक्काम, तिथून फुरका, ग्रिमसेल आणि झुस्टेन या तीन खिंडींची फेरी, मग पूर्वेला इटलीतली स्टेल्व्हियो, आणि परतताना ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनर.

घाटाचं वेड बाबांमुळे लागलं. दर मे महिन्यात चिपळूणला आजोळी जाताना कुंभार्ली घाट लागायचा. घाट सुरू व्हायच्या आधी बाबा पद्मिनी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडून पाणी बघायचे, चारही चाकं पायाने दाबून बघायचे आणि मगच निघायचे. आम्हा भावंडांना त्या दहा मिनिटांचा वैताग यायचा. आता आखणीची वही उघडून बसले की सारखी तीच दहा मिनिटं आठवतात.

प्रेक्षणीय जागांच्या याद्या मला नकोत, त्या कुठेही मिळतात. एकट्याने, बुटक्या आणि तापट गाडीतून घाट करताना तुम्हाला स्वतःला काय अनुभव आला ते हवंय. काय चुकलं, काय आधी कळायला हवं होतं? आल्प्सच हवेत असं नाही. आंबोली, ताम्हिणी, कोल्ली हिल्स, कुठलेही घाट चालतील.

झ्युरिकहून

सर्वात आधी एक सांगतो, दिवसाचे किलोमीटर मोजू नकोस, खिंडी मोज. तुझी ती तीन खिंडींची फेरी साधारण १२० किलोमीटरची आहे. आकडा बघून मला वाटलं, दुपारपर्यंत आटोपेल. थांबत थांबत सात तास लागले आणि संध्याकाळी खांदे इतके भरून आले की जेवायला खाली उतरायचंही जिवावर आलं. फुरका २४२९ मीटर, ग्रिमसेल २१६४, झुस्टेन २२२४. म्हणजे एका दिवसात तीनदा चढायचं आणि तीनदा उतरायचं. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस.

आता पिवळ्या पोस्टबसबद्दल, म्हणजे स्विस पोस्टाच्या प्रवासी बसबद्दल. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकू आला की जिथे रस्ता रुंद आहे तिथेच थांबायचं. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं तर तो पोस्टाचा डोंगरी रस्ता समजायचा. तिथे बसचालक जी खूण करेल ती पाळावीच लागते, कायदाच तसा आहे. मी गाणी मोठ्याने लावली होती, भोंगा ऐकलाच नाही. वळणावर बस समोर आली. चालकाने शांतपणे हाताने मागे जा म्हणून खुणावलं. टप लावलेला, मागची काच पोस्टकार्डाएवढी, एका बाजूला दरी. पन्नासेक मीटर मागे जायला मला किती वेळ लागला ते सांगवत नाही. मागे चार गाड्या थांबल्या होत्या आणि शेजारच्या सीटवर ‘अजून ये, अजून ये’ म्हणणारं कोणी नव्हतं. निघण्याआधी चढावर, टप लावून, फक्त आरशांवर रिव्हर्स घ्यायचा सराव कर. गाणी अगदी हळू लाव किंवा टप उघडा ठेव.

आणखी एक. नकाशाचं ॲप तुला सतत गॉटहार्डच्या बोगद्यात ढकलेल. १७ किलोमीटर बोगदा, दिसत काहीच नाही. वरून जुना ट्रेमोला रस्ता आहे, दगडी फरसबंदीचा, २४ वळणांचा. कोरडा असेल तरच जा, पाऊस पडला की ते दगड निसरडे होतात.

ठाण्याहून

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे वापरलेली बीएमडब्ल्यू झेड-४ आहे. आपल्याकडे अशी गाडी न्यायची म्हणजे घाटाची चिंता नंतर, आधी घाटाच्या अलीकडच्या गावांतले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असला तर गाडी तिरकी घालून निघते. पण ग्रामस्थांनी रात्रीतून केलेला उंचवटा कुठल्याच मापात बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पहाटे एकटाच आंबोलीला निघालो. आजऱ्याच्या पुढे, रंग न मारलेला असाच एक उंचवटा झाडाच्या सावलीत होता. पोटाला खरवडल्याचा आवाज आला. शंभर मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन लगेच बंद केलं, तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी बरोबर केली. खाली वाकून बघतो तर तेलाची धार लागलेली. मदतीसाठी फोन केला, ‘दीड तासात गाडी येते’ म्हणाले. तीन तासांनी आली ती पुढची चाकं उचलून फरफटत नेणारी, साखळीवाली. तिने नेली असती तर बंपर तिथेच राहिला असता. ती परत पाठवली आणि पुन्हा वाट बघत बसलो. समोरच्या टपरीवाल्या मावशींनी तोवर तीन वेळा चहा दिला, गाडीच्या मागे दगड रचून फांदी लावली आणि शेवटी पैसेही घेईनात.

त्यातून शिकलो ते असं. फोनवर ‘फ्लॅटबेडच हवा’ (म्हणजे गाडी अख्खी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) हे निक्षून सांगायचं आणि समोरच्याकडून ते वदवून घ्यायचं. अशा गाड्यांचा टोइंग हुक वेगळा असतो, बंपरमधली झाकणी काढून तो पिळून बसवावा लागतो. आपला हुक गाडीत आहे का आणि कुठे आहे हे घरीच बघून ठेवायचं. स्टेपनी नसतेच, नुसतं पंक्चरचं द्रावण आणि पंप असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. मी आता कुठलाही नवा घाट आधी घरच्या साध्या गाडीने करून येतो. कुठे खड्डे, कुठे उंचवटे, कुठे ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, सगळं वहीत. तुला तिकडे त्याची गरज पडणार नाही, पण इथल्यांना पडेल.

नाशिकहून

वाचतोय. ठाणेकर, वहीतला आंबोलीचा रस्ता इथे टाकाल का? नोव्हेंबरात जायचं आहे.

कोल्हापूरहून

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सव्वीस वर्षं फोंडा आणि गगनबावडा या मार्गांवर गेली. माझी गाडी पोलो जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही, पण पळायला उतावीळ.

माझ्याकडे नवीन आली होती तेव्हा एकटाच आंबोलीहून सावंतवाडीला उतरत होतो. प्रत्येक वळणापर्यंत जोरात जायचं आणि कचकन ब्रेक मारायचा, त्यातच मजा वाटत होती. अर्धा घाट उतरल्यावर जळका वास आला. पुढच्या वळणाला ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. त्या क्षणी घशाला जी कोरड पडली ती अजून आठवते. दुसरा, मग पहिला गियर टाकून, इंजिन ओरडत असताना कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ज्या गियरात घाट चढतोस त्याच गियरात उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही.” नंतर गॅरेजमध्ये कळलं की ब्रेकचं तेल चार वर्षं बदललेलं नव्हतं (गाडी डेमोची घेतली होती). हे तेल हवेतली ओल धरतं. ओल धरली की लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, त्यामुळे पाय खोल जातो आणि चाकाला पकड मिळत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि मोठ्या घाटाला निघण्याआधी तारीख तपासायची. ताई, तुमची जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने कधी बदललं होतं ते बघाच.

ब्रेक तापले तर लगेच गाडी उभी करून हँडब्रेक ओढू नका. सपाटीला दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश चालवा, वारा लागला की निवतात.

शार्लटहून, अमेरिका

इथल्या एका प्रसिद्ध वळणांच्या रस्त्यावर मी वर्षातून दोनदा जातो. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ आहे, यूएस १२९ या महामार्गाचा तुकडा. ११ मैलांत, म्हणजे अठराएक किलोमीटरमध्ये ३१८ वळणं. वेगमर्यादा ताशी ३० मैल. वाटेत ना घर, ना दुकान.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. मागे पाच-सहा मोटरसायकली लागल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही की दिवे मारले नाहीत, पण आरशात ते दिसत होते आणि मी नकळत वेग वाढवत गेलो. एका उजव्या वळणात डावं चाक पिवळ्या रेषेपलीकडे गेलं, समोरून पिकअप आली. काही झालं नाही. त्यानेच गाडी कडेला दाबली म्हणून झालं नाही. पुढच्या मोकळ्या जागेत थांबलो, सगळ्यांना जाऊ दिलं, तरी हात थरथरत होते. बायको शेजारी असती तर पाच वळणं आधीच म्हणाली असती, ‘अरे, जाऊ दे त्यांना.’ एकट्याला हे म्हणणारं कोणी नसतं. मी आता स्वतःशी मोठ्याने बोलतो: मागे कोण आहे, मी का वेग वाढवतोय? विचित्र वाटेल, पण आपलाच आवाज कानावर पडला की पाय सैल होतो.

जवळच चेरोहाला स्कायवे आहे, ४३ मैल, १९९६ मध्ये पूर्ण झालेला, वळणं लांबट आणि मोकळी. मला ड्रॅगनपेक्षा हाच जास्त आवडतो. वर पेट्रोल पंप नाही, टेलिको प्लेन्स किंवा रॉबिन्सविलला टाकी भरूनच चढायचं. दोन्ही रस्ते आठवड्याच्या मधल्या दिवशी करावेत.

योकोहामाहून

धागाकर्तीसाठी एक आनंदाचा अनुभव, कारण वरचं वाचून ती घाबरेल असं वाटलं!

तुझीच गाडी, इथे तिला रोडस्टर म्हणतात, दोन दिवस भाड्याने घेतली आणि निक्कोला इरोहाझाकावर गेले. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी. चढताना २० वळणं, उतरताना २८, मिळून ४८. इरोहा ही जपानी मुळाक्षरांची जुनी क्रमवारी. प्रत्येक वळणावर त्यातल्या एका अक्षराची पाटी आहे. मी पहिल्या वळणापासून मोठ्याने वाचत गेले: इ, रो, हा, नि. शिशुवर्गात पाटीवर अक्षरं गिरवताना जसं वाटायचं तसं वाटत होतं. रस्ता एकेरी असल्याने समोरून कोणी येण्याची धास्ती नाही. वळण, वळणातून बाहेर पडताना हलकेच दाबलेलं ॲक्सिलरेटर, पुढचं अक्षर. इतकं एकचित्त मी एरवी कधीच नसते. वर चुझेन्जी तलावाकाठी तासभर बसले, कुणाशी बोलले नाही, बोलावंसंही वाटलं नाही.

आखणीतली एकच गोष्ट महत्त्वाची ठरली, ती म्हणजे सकाळी सहाला पायथ्याशी असणं. पानगळीच्या दिवसांत ऑक्टोबर-नोव्हेंबरला दहानंतर गाड्यांची मुंग्यांसारखी रांग लागते. आणि डिकी १३० लिटरची आहे हे विसरू नकोस. माझी कडक सूटकेस बसलीच नाही, शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवावी लागली. मऊ पिशव्या ने.

म्युनिकहून

परत फिरण्याचा अनुभव सांगतो. ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला, अभियंता फ्रान्झ वालाक. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, माथा २५०४ मीटरवर. टोल आहे आणि रात्री बंद असतो. मी सप्टेंबरअखेर उन्हाळी टायरवर निघालो होतो. सकाळी पायथ्याला ४ अंश. सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, पकड कमी होते. वर रात्री बर्फ पडला होता. हॉटेलचे पैसे भरलेले, सुट्टी घेतलेली, मनाला पटत नव्हतं. टोलनाक्यापासून परत फिरलो. पुढच्या जूनमध्ये गेलो तेव्हा बर्फाच्या भिंतींमधून टप उघडा ठेवून गेलो. म्हणून सांगतो, रद्द करता येईल असंच बुकिंग कर आणि प्रत्येक खिंड उघडी आहे की बंद हे आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा बघ.

स्टेल्व्हियो प्राटो गावाच्या बाजूने चढ, ४८ वळणं त्याच अंगाला आहेत, पाट्यांवर आकडे उतरत जातात. माथा २७५७ मीटरवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के दम गमावतं, त्यामुळे तुझी गाडी वर ढेपाळल्यासारखी वाटेल. तो बिघाड नव्हे. वर्षातून एक दिवस तो रस्ता फक्त सायकलवाल्यांसाठी असतो, ती तारीख तपास. पाच दिवसांत हे सगळं बसत नाही, ग्रोसग्लोकनर काढून टाक.

पुण्याहून

मी गाडी चालवत नाही. माझी मुलगी चालवते, तिकडे नॉर्वेत, एकटीच. म्हणून घरी वाट बघणारीचा अनुभव लिहिते.

आमचं ठरलं होतं, पोचल्यावर मेसेज करायचा. एकदा संध्याकाळी सहाचा मेसेज रात्री अकरापर्यंत आला नाही. ती कुठे मुक्कामाला आहे तेही मला माहीत नव्हतं. देवापुढे बसून राहिले. डोंगरात रेंज नव्हती, एवढंच झालं होतं. ती सुखरूप होती, पण ते पाच तास मी विसरलेले नाही. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. निघण्याआधी ती त्या दिवसाचा रस्ता, मुक्कामाच्या जागेचा फोन आणि एक वेळ लिहून पाठवते. त्या वेळेपर्यंत काळजी करायची नाही. वेळ टळली की आधी मुक्कामाला फोन, मग तिच्या मैत्रिणीला, आणि मग पोलिसांना, असा क्रम कागदावर लिहून फ्रिजला लावलाय. तिलाही मोकळं वाटतं, सारखा फोन बघावा लागत नाही. बाळा, आईबाबांना असा कागद देऊन जा.

स्टुटगार्टहून (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या काकू, कागद केला. साताऱ्याला पाठवला, बाबांनी त्याची प्रिंट काढली.

ग्रोसग्लोकनर काढला. आता दोन दिवस आंडरमाट, एक दिवस नुसता पूर्वेला सरकण्याचा, एक दिवस स्टेल्व्हियो, एक दिवस परतीचा. पावसाचा म्हणून वेगळा दिवस उरत नाही, पाऊस लागला तर स्टेल्व्हियोवर पाणी सोडायचं असं ठरवलंय. ब्रेकच्या तेलाची नोंद सर्व्हिस बुकमध्ये तीन वर्षांपूर्वीची निघाली, गुरुवारी बदलून घेतेय. रविवारी ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगच्या उतारावर टप लावून तासभर रिव्हर्सचा सराव केला. पहिल्या दहा वेळा वाकडी गेली, मग जमायला लागली.

ठाणेकर, टोइंग हुक सापडला. डिकीतल्या गालिच्याखाली होता.