एनडीआयएसच्या फेरमूल्यांकनासाठी ध्येये कशी लिहावीत?

प्रश्न

नमस्कार. आम्ही ऑस्ट्रेलियात स्थायिक आहोत. आमच्या सतरा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता आणि सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. त्याचा एनडीआयएसचा (अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी निधी देणाऱ्या इथल्या राष्ट्रीय विमा योजनेचा) प्लॅन, म्हणजे मंजूर मदतीचा आराखडा, काही वर्षांपासून सुरू असून दोन महिन्यांत फेरमूल्यांकनाची बैठक आहे, आणि त्याआधी त्याची ध्येये लिहून द्यायची आहेत. मागच्या वेळी आम्ही घाईघाईत "आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळावी" आणि "त्याची प्रगती व्हावी" अशी दोन वाक्ये लिहून दिली होती. थेरपी दोनदा मिळाली नाहीच, आणि दुसरे वाक्य कोणी वाचले असेल असेही वाटत नाही.

यंदा त्याची बारावी संपते, त्यामुळे हा प्लॅन महत्त्वाचा आहे. ध्येये जास्त लिहिली तर निधी जास्त मिळतो का? तो स्वतः फार बोलत नाही, मग ही ध्येये त्याची म्हणायची की आमची? शिवाय घरी त्याचे जे काही आम्ही करतो ते लिहावे की नाही, यावरून आमच्यातच मतभेद आहेत. "आपल्याच मुलाचे करतो, त्याचा हिशेब सरकारपुढे काय मांडायचा?" असे ह्यांचे म्हणणे आहे.

उत्तर १

ताई, शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आमचा पहिला प्लॅन तिथेच फसला होता.

माझ्या मुलीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) अहवालात "आंघोळ स्वतः करते" असे लिहिले होते आणि ते आम्हीच सांगितले होते. प्रत्यक्षात पाणी किती गरम ठेवायचे ते तिची आई ठरवायची, दाराबाहेर उभी राहून "आता साबण, आता मान, आता पाठ, आता नळ बंद" असे एकेक पाऊल सांगायची, आणि केसांत राहिलेला शाम्पू शेवटी स्वतः धुऊन काढायची. पंचवीस मिनिटे रोज. आमच्या लेखी ती "स्वतः आंघोळ करते" हे खरेच होते, कारण हात तिचेच चालत होते. पण वाचणाऱ्याने त्यावरून तिला मदतीची गरज नाही असा अर्थ घेतला, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

म्हणून सात दिवस एक वही ठेवा. वेळ, काम, कितीदा सांगावे लागले, कोण सोबत होते आणि नसते तर काय झाले असते, एवढेच लिहा. शनिवार-रविवार आणि रात्रीची जागरणेही सोडू नका. हा हिशेब तुमच्या मायेचा नाही. २०१३ च्या एनडीआयएस कायद्याच्या कलम ३४ मध्ये "वाजवी आणि आवश्यक" सहाय्याच्या ज्या कसोट्या आहेत, त्यांतली एक अशी की कुटुंबाकडून किती मदतीची अपेक्षा धरणे वाजवी आहे. तुम्ही काय करता हेच सांगितले नाही, तर ती कसोटी लावणारा माणूस अंदाजानेच चालणार. सतरा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाइतकी देखरेख लागत असेल, तर तो फरक कागदावर दिसायला हवा.

आता ध्येयांविषयी. जास्त किंवा मोठी ध्येये लिहिली म्हणून जास्त निधी मिळत नाही, आणि ध्येयात एखाद्या सहाय्याचे नाव किंवा प्रमाण लिहिले म्हणून ते देण्याचे बंधन येत नाही. ही योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे एनडीआयएने, स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलेले आहे. तुमचे मागचे पहिले वाक्य ध्येय नव्हतेच, ती मागणी होती. दुसरे इतके मोघम होते की त्याला कोणतेही सहाय्य जोडता आले नसते.

मी तीन गोष्टी वेगळ्या लिहितो: त्याला आयुष्यात काय हवे आहे, तिथे त्याचे अपंगत्व नेमके कुठे आडवे येते, आणि ते ओलांडायला कोणती मदत लागेल. उदाहरणार्थ, "मला एकट्याने बसने जाता यावे" हे ध्येय झाले. बसचा क्रमांक त्याला ओळखता येतो, पण बस वेगळ्या रस्त्याने वळली की तो गोठल्यासारखा बसून राहतो, चालकाला विचारू शकत नाही आणि फोन वाजला तरी उचलत नाही, ही झाली अडचण. प्रवासाचा सराव करून घेणारी व्यक्ती, आणि अनपेक्षित प्रसंगी मदत कशी मागावी यासाठी स्पीच थेरपिस्ट, ही झाली मदत. यांतली अडचण आणि मदत थेरपिस्टच्या अहवालात यायला हवी, कारण पुरावा म्हणून तोच पाहिला जातो. अशी तीन-चार ध्येये पुरेशी होतात.

एक सावधगिरी. वर्गातल्या शिकण्यासाठीची मदत ही शिक्षण खात्याची आणि औषधोपचार हे आरोग्यव्यवस्थेचे काम मानले जाते, म्हणून ते एनडीआयएकडे मागण्यात शक्ती घालवू नका.

उत्तर २

वरील उत्तरात अठराव्या वर्षाचा उल्लेख राहिला आहे. तोपर्यंत आई-वडील मुलाचे प्रतिनिधी म्हणून निर्णय घेतात; अठरा पूर्ण झाल्यावर तो अधिकार आपोआप पुढे चालत नाही. गरज असेल तर तुम्हाला नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, म्हणून नेमून घ्यावे लागते. ही चौकशी वाढदिवसाची वाट न पाहता याच बैठकीत करावी.

बारावीनंतर नोकरीची तयारी करायची असेल, तर शाळा सोडणाऱ्यांसाठीच्या रोजगार-सहाय्याबद्दलही विचारा. त्याला तिथे "स्लेस" म्हणतात आणि ते साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मात्र त्यासाठी काम करण्याविषयीचे एखादे ध्येय त्याच्या नावावर असायला हवे.

ध्येये कोणाची, याचे कायद्यातले उत्तर सरळ आहे: ते निवेदन त्याचे असते. तो बोलत नसेल तर छायाचित्रे वापरा. आम्ही टेबलावर पंधरा-वीस छायाचित्रे मांडून "हवे", "नको" आणि "माहीत नाही" असे तीन ढीग करायला सांगितले होते. एका बैठकीत होत नाही; दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी करावे लागते.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनःपूर्वक आभार. वही कालपासून सुरू केली आहे, आणि पहिल्याच दिवशी सकाळच्या दीड तासात मी त्याला एकतीस वेळा काही ना काही आठवण करून दिली, हे पाहून ह्यांनी स्वतःच पेन हातात घेतले. अजून एक विचारते. मंजूर झालेला प्लॅन अपुरा वाटला तर काय करावे? आणि संवादासाठी टॅबलेट मागता येईल का?

उत्तर ३

मी काही वर्षे सपोर्ट कोऑर्डिनेटर (प्लॅनमधली मदत मिळवून वापरायला साहाय्य करणारी व्यक्ती) म्हणून काम केले आहे. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत पुनर्विलोकन मागता येते. तिथेही समाधान झाले नाही, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्यूनलकडे (सरकारी निर्णयांचा स्वतंत्र फेरविचार करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जाता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या अपील न्यायाधिकरणाच्या जागी हे आले. "आम्हाला हे कमी वाटते" एवढ्यावर कोणी निर्णय बदलत नाही. कोणती अडचण दुर्लक्षिली गेली आणि ती कोणत्या अहवालाच्या कोणत्या परिच्छेदात आहे, असे बोट ठेवून दाखवावे लागते.

टॅबलेटबद्दल जरा जपून. ऑक्टोबर २०२४ पासून कोणत्या गोष्टी एनडीआयएसचे सहाय्य ठरतात आणि कोणत्या नाहीत याच्या याद्या लागू आहेत, आणि घरोघरी सर्रास वापरली जाणारी उपकरणे सहसा "नाही"च्या बाजूला जातात. त्यामुळे मागणीचा भर टॅबलेटवर नको. बोलण्याला पर्याय म्हणून त्याला संवादाचे साधन का लागते आणि त्याने ते वापरून पाहिल्यावर काय फरक पडला, हे स्पीच थेरपिस्टकडून लिहून घ्या. १,५०० डॉलरपर्यंतची साधने कमी किमतीची धरली जातात आणि त्यांची प्रक्रिया तुलनेने सोपी असते. १५,००० डॉलरच्या पुढे मात्र तपशीलवार मूल्यांकन आणि दरपत्रक लागते.

आणखी एक बदल लक्षात असू द्या. मे २०२५ पासूनच्या नव्या प्लॅनमध्ये निधी टप्प्याटप्प्याने, बहुधा तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांत, उपलब्ध होतो. एका टप्प्यात उरलेली रक्कम त्याच प्लॅनच्या पुढच्या टप्प्यात वापरता येते, पण पुढच्या प्लॅनमध्ये जात नाही. बारावी संपल्यावर त्याच्या दिवसातले शाळेचे सहा तास रिकामे होणार आहेत. त्या महिन्यांत मदत जास्त लागेल हे बैठकीतच सांगितले, तर टप्पे ठरवताना त्याचा विचार करून घेण्याची मागणी करता येईल.

प्रश्नकर्ती

छायाचित्रांचा प्रयोग तीन दिवस करून पाहिला. मी गृहीत धरलेले पोहणे तिन्ही वेळा "नको"च्या ढिगात गेले. बसचे छायाचित्र तिन्ही वेळा "हवे"मध्ये आले, आणि शेजारच्या बागेत झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाचे छायाचित्र तर त्याने ढिगात ठेवलेच नाही, स्वतःच्या खिशात ठेवले. स्पीच थेरपिस्टची गुरुवारची वेळ मिळाली आहे. वही आणि ही दोन छायाचित्रे सोबत नेते.