अनुभव धागा: पहिलीतलं पोरगं आणि चालत शाळा

संभाजीनगरची आई
नमस्कार मंडळी. पोरगं सहा वर्षांचं, जूनपासून पहिलीत. घर कोल्हापुरातल्या संभाजीनगरात, शाळा मंगळवार पेठेत, पावणेदोन किलोमीटर भरतंय. रिक्षावाल्या मामांकडं जागा नाही. हे शिरोली एमआयडीसीत, आठलाच बाहेर पडतात. मला गाडी येत नाही (हसू नका). चालत नेते म्हटलं तर सासूबाई म्हणतात पोराचे पाय मोडतील, आणि ह्यांचं एकच, "आम्ही गेलोच की!" ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. जमलं का, कुठं अडलं, कधी सोडून दिलं? सल्ला नको, अनुभव पाहिजे.

राजारामपुरीचा बाबा
आमची पोरगी आधी रिक्षानंच जायची. आत दहा पोरं, दप्तरं बाहेर लटकवलेली, आणि ही मामांच्या शेजारी अर्ध्या सीटवर. हिला पहिली घ्यायचे, मग बाकीची गोळा करत फिरायचे. सव्वा किलोमीटरला चाळीस मिनिटं! एक दिवस रिक्षा बंद पडली, चालत निघालो तर बावीस मिनिटांत शाळेत. तेव्हापासून चालतोयच. वाटेत दुकानांच्या पाट्या वाचायचं वेड लागलंय. 'किरकोळ' वाचून झालं, आता 'प्रोप्रा.' म्हणजे काय ते रोज विचारते. जोडाक्षरं शाळेआधी रस्त्यावरच झाली.

फुलेवाडीची
आमचं फसलं, तेही लिहिते. पोरगी साडेपाचची, दोन किलोमीटर. सकाळी उड्या मारत जायची. परत येताना मात्र रंकाळ्यापाशी आलं की रस्त्यातच बसकण. शेवटचा अर्धा किलोमीटर माझ्या एका खांद्यावर ती, दुसऱ्यावर दप्तर. आठवड्याभरात लंगडायला लागली. मला वाटलं नाटक करतेय. मोजा काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड. बूट आम्ही "वाढत्या अंगाचे" म्हणून एक नंबर मोठे घेतलेले, टाच आत घासत होती. मापाचे बूट घेतले, फोड गेला, पण दुपारची दमछाक काही गेली नाही. आता जाताना चालत, येताना दीर गाडीवरून आणतो. चूक आमची एवढीच की आम्ही फक्त सकाळचं बघून ठरवलं होतं.

गगनबावड्याकडचा
आम्ही वाडीवरून तीन किलोमीटर जात होतो, पावसात डोक्यावर इरलं घेऊन. ओढ्याला पाणी चढलं की शाळेच्या गावातच कुणाच्या तरी घरी वस्ती. कुणाचे पाय मोडले नाहीत.

कसबा बावड्याची आज्जी
भावा, तुम्ही कितीजण जात होता ते पण सांग की. पंधरा-वीस पोरांचा घोळका, म्होरं सातवीतली मोठी पोरं. आता एकटं लेकरू आणि मागनं डंपर. आणि घोळक्याचंही मी बघितलंय. माझा लेक दुसरीत असताना दप्तराच्या कप्प्यात उसाची चिपाडं सापडायला लागली. गळीत हंगामात बावड्यातनं ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. ही पोरं चालत्या ट्रॉलीला लोंबकळून ऊस उपसायची! मी तरी त्याला शहाण्या पोरांबरोबर धाडलाय म्हणून निवांत होते. त्या दिवसापासनं कारखाना बंद होईस्तोवर मी स्वतः सोडायला. वाट अर्ध्या किलोमीटरची सुद्धा नव्हती, बघा.

पेठेतले गुरुजी
माझं मत अनुभवातूनच, तरी दोन आकडे देतो. शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्या राज्यात पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. म्हणजे पावणेदोन हे लहानग्याला जरा जास्तच धरलंय. दुसरं दप्तर. वजनाच्या दहा टक्के म्हणतात. २० किलोच्या पोराला २ किलो, त्यात लिटरभर पाण्याची बाटली भरली की निम्मा हिशोब तिथंच संपला. बाटली अर्धी भरा, शाळेत पाणी आहे.
२०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं झालं. पोरांची झोप झाली, फार चांगलं. पण सातला जो रस्ता मोकळा असायचा तो पावणेनऊला ऑफिसवाल्यांनी भरलेला असतो. पहिली-दुसरीच्या पोराला येणारी गाडी दिसते, ती किती वेगात येतेय हे कळत नाही. चौथीतलीसुद्धा चुकतात. हात धरूनच, आणि गाडीच्या बाजूला आपण.

संभाजीनगरची आई
सगळ्यांचे आभार. रविवारी करून बघितलं, सत्तावीस मिनिटं. मग सोमवारी मुद्दाम पावणेनऊला, बूट-दप्तरासकट. एक्केचाळीस! हॉकी स्टेडियमच्या चौकातच पाच मिनिटं थांबलो, कुणी गाडी हळू करेना. पुढं पेठेत म्हशी निघाल्या होत्या, त्यांच्यासाठी आमचे छोटे साहेब स्वतःहून थांबले. परत येताना उन्हात किरकिर झाली पण चालला. बूट तपासले, आमचेही मोठेच निघाले, बदलून आणले.
सासूबाईंना मागच्या बाजूची गल्ली माहीत निघाली, चौक टळतो, दोनशे पावलं जास्त. दिवाळीपर्यंत चालत. धो-धो पावसात केएमटीची बस, नाहीतर सरळ दांडी. आणि मी पुढच्या आठवड्यात गाडी शिकायला लागतेय. लेकानं एवढंच विचारलं, नव्या गल्लीत म्हशी असतात का?